खड्ड्यात बंद, सपाटीला चालू

वाचकांचे प्रश्न : गाडीची वायरिंग

या महिन्याच्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून आली आहे : ट्रक चालता चालता बंद पडतो, सगळे सुटे भाग बदलून झाले, तरी दोष सापडत नाही. त्यातली चार पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण तशाच अडचणीत सापडलेली गाडी माझ्या बीड बायपासच्या दुकानासमोर दर हंगामात दोन-तीनदा तरी येऊन उभी राहते.

प्रश्न : माझी २०१८ सालची बारा टायरी गाडी आहे, बीएस-४. जालन्याहून सळई भरून सोलापूरकडे जाते. गेल्या चार महिन्यांपासून चालता चालता एकदम बंद पडते. मांजरसुंब्याच्या घाटात दोनदा, गतिरोधकावरून उतरताना तीनदा. पाच-दहा मिनिटे थांबले की काहीही न करता चालू होते. क्रँक सेन्सर बदलला, डिझेल फिल्टर बदलले, टाकी धुतली, पंप तपासून आणला. चाळीस हजारांच्या वर गेले. मध्ये एक फ्यूज उडायचा, तर एका मिस्त्रीने त्याच्या जागी तांब्याची तार टाकून दिली. आता फ्यूज उडत नाही, पण गाडी बंद पडतेच. आता ईसीएम बदला म्हणतात. बदलू का?
— एक ट्रकमालक, गेवराई

उत्तर : ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, बदलू नका. आणि मासिक बाजूला ठेवून आधी ती तांब्याची तार काढून या. बाकीचे उत्तर परत आल्यावर वाचा.

फ्यूज उडत होता म्हणजे गाडी तुम्हाला काहीतरी सांगत होती. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा, असा प्रत्येक फ्यूज त्याच्या पुढच्या तारेला सोसेल एवढाच करंट जाऊ देतो. त्या जागी तांब्याची जाड तार घातली की जळायचे काम फ्यूजकडून निघून वायरिंगकडे जाते. दोन बॅटऱ्या मिळून काही शे अँपिअर सहज ओततात. केबिनमागे तार तापून शेजारच्या दहा तारांचे प्लास्टिक वितळले की दोष एका जागेचा राहत नाही, आणि तिथून पुढे आग लागायला वेळ लागत नाही. पाठीमागे क्लीनर झोपलेला असतो, हे लक्षात घ्या.

आता मूळ गोष्ट. तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा शब्द ‘गतिरोधक’ हा आहे. डिझेल कमी पडले, फिल्टर तुंबला किंवा पाइपात हवा शिरली, तर गाडी बहुधा आधी सांगते : चढावर ओढत नाही, आचके देते, धाप टाकते, मग बंद पडते. तुमची गाडी मात्र चावी फिरवल्यासारखी एका क्षणात जाते, तीही हादरा बसला की. पुन्हा काही न करता चालू होते. म्हणजे कुठेतरी एक तार हलते आहे. ती कशाला तरी टेकते आहे, नाहीतर सुटते आहे. फिल्टर आणि टाकीवर घातलेले पैसे त्या तारेपर्यंत पोचलेच नाहीत.

मीटर हातात घेण्याआधी ड्रायव्हरला समोर बसवा आणि शांतपणे विचारा. गाडी बंद पडली त्या क्षणी तिथे तो एकटाच होता, तुमचा मिस्त्री नव्हता आणि मीही नव्हतो. इंजिन गेले तेव्हा डॅशबोर्डवरचे दिवे चालू होते का? हेडलाइट चालू होते का? गाडी गिअरमध्ये पळत असताना आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडला, की हळूहळू उतरला? त्या वेळी ब्रेक दाबलेला होता का, इंडिकेटर दिलेला होता का, पाऊस होता का, वायपर चालू होता का? जळका वास आला का?

या उत्तरांवर अर्धे काम होते. हेडलाइटसकट सगळे गेले, तर बॅटरीचे टर्मिनल, कटऑफ स्विच आणि मोठी केबल यांपलीकडे सुरुवातीला जाऊच नका. हेडलाइट राहिले, पण डॅशबोर्ड आणि इंजिन दोन्ही गेले, तर चावीच्या स्विचपासून पुढे जाणारी लाइन बघा. डॅशबोर्ड चालू, पण काटा शून्यावर आणि इंजिन बंद, तर ईसीएमचा मेन रिले (त्याला करंट देणारा, करंटनेच उघडझाप होणारा स्विच), त्याचा फ्यूज, त्याचे अर्थिंग किंवा सेन्सरच्या तारा. इथे एक मेख आहे. गाडी गिअरमध्ये असताना चाकेच इंजिन फिरवत असतात, तरी काटा शून्य दाखवत असेल, तर इंजिन फिरते आहे हेच ईसीएमला कळत नाही. इंजिनचे फिरणे मोजणारा क्रँक सेन्सर तुमच्याकडे बदलला तो बहुतेक म्हणूनच. पण सेन्सर आणि ईसीएम यांच्या मधली चार-पाच हात तार कुणी पाहिली का?

ड्रायव्हरचे ऐकण्याबद्दल मी एवढे का सांगतो, त्याला एक कारण आहे. मागच्या एका गळीत हंगामात रात्री दोनच्या सुमाराला उसाची एक दहा टायरी गाडी दुकानापुढे ओढून आणली. मालक मागून जीपमध्ये. तो ड्रायव्हरवर चिडलेला होता. म्हणे, हा रात्री डुलक्या घेतो, क्लच सोडतो, गाडी बंद पडते आणि नाव वायरिंगचे घेतो. ड्रायव्हर धारूरकडचा, विशीतला पोरगा. तो एकच वाक्य धरून बसला होता : “मामा, दिवसा कधीच नाही पडत. रातच्यालाच पडती.” मालकाला ते डुलकीचा पुरावा वाटत होते. मला वाटले, रात्री असे काय चालू असते जे दिवसा बंद असते?

दिवे. डाल्याच्या, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागाच्या, दोन्ही बाजूंना रंगीत एलईडीच्या पट्ट्या लावलेल्या होत्या. त्यांना करंट कुठून घेतला ते पाहायला डॅशबोर्डखाली डोके घातले, तर ईसीएमला जाणारी चावीची लाइन ब्लेडने सोलून तिच्यावरच तार पिळलेली आणि वरून काळी टेप. त्या पट्ट्यांची तार चेसिसवरून मागे जाताना डाल्याच्या एका यू-बोल्टला घासत होती. नखाएवढी जागा सोललेली, तांबे चकचकीत. पट्ट्या बंद असल्या की त्या तारेत करंट नाही, ती घासली तरी काही होत नाही. पट्ट्या चालू आणि चाक खड्ड्यात, की तार बोल्टला टेकायची. फ्यूजची पट्टी वितळायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ तार टेकतच नव्हती. पण मेन रिले सुटायला सेकंदाचा शंभरावा हिस्सादेखील पुरतो. रिले सुटला, ईसीएम झोपला, इंजिन गेले. त्याच झटक्यात तार बोल्टवरून निघाली, आणि सगळे पुन्हा शाबूत.

पट्ट्यांना वेगळा फ्यूज घालून बॅटरीवरून वेगळी लाइन दिली, सोललेली जागा नीट जोडली आणि तार बोल्टपासून हातभर दूर बांधली. वीतभर तारेचा दोष होता. त्या पोराचा आधीच्या महिन्याचा पगार त्यापायी कापलेला होता. तो मालकाने तिथेच मोजून दिला, हे मुद्दाम लिहितो.

तुमच्या गाडीलाही बाहेरून काय काय जोडले आहे त्याची आधी यादी करा : टेप, जीपीएस, जादा हॉर्न, पंखा, मोबाइलचा चार्जर, देवाच्या फोटोपुढचा दिवा. प्रत्येकाची तार मुळापर्यंत शोधा. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून टेप चालवत असाल तर तेही बंद करा. तेवढी एकच बॅटरी रोज उपाशी राहते आणि मग दोन्ही मरतात.

त्यानंतर मोजमाप. रात्रभर उभ्या गाडीवर दोन्ही बॅटऱ्या मिळून २५ व्होल्टच्या वर हव्यात. इंजिन चालू केल्यावर साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्याही मोजा. मग मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या लोखंडावर धरून सेल्फ मारायला सांगा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर इंजिन आणि चेसिसमधली अर्थिंगची पट्टी गेली. ही पट्टी बाहेरून धडधाकट दिसते आणि थिंबलच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या पकडीच्या, आत हिरवा चुरा झालेला असतो. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल तिच्यावर बसून वाळतो आणि ओल धरून ठेवतो. पट्टी काढा, दोन्ही टोके आणि बसायची जागा पॉलिश पेपरने घासा, पुन्हा आवळा.

आता तो फ्यूज जो उडत होता. बॅटरी सोडा, आधी मायनस. त्या फ्यूजवर ईसीएम असेल तर त्याचा कपलर, म्हणजे तारा जोडायचा प्लग, काढून ठेवा. त्या फ्यूजवरचे बाकीचे बल्ब आणि इतर सामानही सोडवा. मग इंडिकेटरचा २४ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या, त्याला दोन तारा लावा आणि फ्यूजच्या दोन दातांच्या जागी त्या तारा बसवा. बॅटरी जोडा, चावी द्या. पुढे कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटेल, पण करंट एक अँपिअरच्या आत राहील, म्हणून तार जळणार नाही. शॉर्ट नसेल तर बल्ब विझलेला राहील. तुमच्या गाडीत बहुधा विझलेलाच असेल, कारण दोष हादऱ्याचा आहे. मग एकाला बल्बाकडे बघत बसवा आणि दुसऱ्याने वायरिंगचा जुडगा वीत-वीत करत हलवत, वाकवत, दाबत पुढे जायचे. ज्या ठिकाणी बल्ब लुकलुकला, ती जागा. दिवसा बल्बावर हाताचा आडोसा करा, मे महिन्याच्या उन्हात तो पेटलेला कळत नाही.

कुठे जास्त लक्ष द्यायचे ते सांगतो. केबिन उचलली की जुडगा जिथे ताणला जातो ती बिजागरीजवळची जागा सर्वांत आधी. केबिन पाडून आणि उचलून, दोन्ही वेळा बल्ब बघा. मग हवेच्या टाकीच्या ब्रॅकेटची कड, चेसिसच्या आडव्या पट्टीतून तार आरपार जाते ते भोक आणि त्यातला रबर, टर्बोच्या जवळची वळणे, गिअरबॉक्सवरची रिव्हर्सच्या स्विचची तार, आणि शेवटी मागचा दिवा. सळईच्या गाड्यांत मागच्या दिव्याची तार हमखास चेपलेली असते. फ्यूज पेटीही उघडा. रिलेचा पाय सैल होऊन काळा पडला असेल तर रिले बदलून उपयोग नाही, खालची पिन बदलावी लागते. चालू इंजिनवर त्या रिलेवर पेचकसाच्या मुठीने हलकेच टिचकी मारा. इंजिन दचकले तर दोष हाताशी आला.

सापडलेली जागा टेपने गुंडाळून सोडू नका. उन्हात टेपचा डिंक वितळतो, ती सरकते आणि धूळ धरते. तार कापून नीट क्रिंप करा किंवा डाग द्या, वरून तापवून आवळणारी स्लीव्ह चढवा, जुडग्याला जाळीची नळी घाला आणि तो कडेपासून दूर क्लिपने बांधा. आणि डाल्याला वेल्डिंग करायचे असेल त्या दिवशी बॅटरीच्या दोन्ही केबल आणि ईसीएमचा कपलर काढल्याशिवाय वेल्डरला हात लावू देऊ नका. वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेला लागूनच हवा.

ईसीएमचा निर्णय अगदी शेवटी. त्याचा कपलर काढून वायरिंगच्या बाजूच्या पॉवर आणि अर्थिंगच्या पिनांवर तोच २१ वॅटचा बल्ब लावा. पिना फाकवू नका, त्याच मापाची सुटी पिन वापरा. बल्ब लख्ख पेटला, जुडगा हलवूनही मंदावला नाही, सेन्सरच्या ताराही तपासून झाल्या, तरीही गाडी बंद पडत असेल, तर ईसीएमकडे बोट दाखवायचा हक्क मिळतो. मी अशा तक्रारीच्या ज्या गाड्या पाहिल्या, त्यांत तिथपर्यंत जावे लागलेल्या हातावर मोजण्याइतक्या आहेत.

दोष सापडेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. न्यावीच लागली तर ड्रायव्हरला हे सांगून ठेवा. इंजिन गेले की स्टिअरिंग जड होते, पण सुटत नाही, जोर लावला की वळते. हवेचा कंप्रेसरही थांबतो, म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा. ब्रेक पुन्हा पुन्हा मारून ती संपवायची नाही. एकदाच दाबून, धरून, डाव्या कडेला घ्यायची. पार्किंग ब्रेक ओढायचा, चाकाला दगड लावायचा, धोक्याचे इंडिकेटर द्यायचे, आणि त्रिकोण गाडीपासून बराच मागे ठेवायचा. वळणावर असेल तर वळणाच्याही मागे.

प्रश्न : माझी २००४ सालची गाडी, साधा पंप, ईसीएम नाही. डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाले की करंट लागत नाही असे आयुष्यभर ऐकत आलो. पण माझी गाडी हॉर्न जोरात दाबला की कधी कधी बंद पडते. लोक विश्वास ठेवत नाहीत.
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : मी ठेवतो. तुम्ही ऐकलेले खरे आहे, पण अर्धे. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. हवा दाबून तापते आणि डिझेल आपोआप पेटते. साधा पंप इंजिनच्याच ताकदीने फिरतो. पण इंजिन बंद कसे करायचे, हा प्रश्न उरतोच. जुन्या गाड्यांत त्याला केबल होती, ओढली की बंद. नंतर केबलच्या जागी पंपावर सोलेनॉइड, म्हणजे करंटने खेचला जाणारा खटका, आला, आणि त्यासोबत करंटही.

सोलेनॉइड दोन तऱ्हेचे असतात आणि तुमचा कोणता हे आधी ठरवा. पहिल्या तऱ्हेत करंट असेपर्यंत डिझेलची वाट उघडी राहते आणि करंट गेला की बंद. दुसऱ्या तऱ्हेत उलटे, करंट दिला की बंद. चालू इंजिनवर सोलेनॉइडची तार काढा. इंजिन थांबले तर पहिली तऱ्हा. पहिल्या तऱ्हेत तार तुटली किंवा तिच्यावरचा व्होल्टेज पडला की गाडी बंद पडते. दुसऱ्या तऱ्हेत कुठल्यातरी चालू तारेचा त्या तारेला स्पर्श झाला की बंद पडते. एकात हरवलेला करंट शोधायचा, दुसऱ्यात चोरून आलेला.

हॉर्नचा संबंध ऐकून मला पहिली तऱ्हा वाटते. हॉर्न बराच करंट ओढतो. हॉर्न आणि सोलेनॉइड एकाच चावीच्या लाइनवर असतील आणि ती लाइन कुठे गंजून बारीक झाली असेल, तर हॉर्न दाबला की सोलेनॉइडच्या वाट्याला पुरेसा व्होल्टेज उरत नाही. सोलेनॉइडच्या टोकावर मीटर लावा आणि कुणाला तरी हॉर्न दाबायला सांगा. २७ वरून १५-१६ वर काटा पडला तर निदान झाले. मग एक-एक जोड मागे येत मोजा : स्विच, फ्यूज, रिले. हॉर्नला रिले नसेल तर तोही लावून घ्या.

खात्रीसाठी सोलेनॉइडला बॅटरीवरून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून थेट तार देऊन दुकानासमोर इंजिन चालवून पाहता येते. पण इंजिन थांबवायला ती तार ओढावी लागेल, हे लक्षात ठेवा आणि असे जोडून रस्त्यावर जाऊ नका. सोलेनॉइडला तीन तारा असतील तर आणखी सांभाळा. त्यात खेचायची कॉइल आणि धरून ठेवायची कॉइल वेगळी असते. खेचायची कॉइल क्षणभरासाठीच बनवलेली असते, तिला सतत करंट दिला तर थोड्याच वेळात जळते.

प्रश्न : काका, मी जालन्याला आयटीआयला शिकते आणि सुट्टीत मामांच्या गॅरेजात बसते. एका बीएस-६ गाडीचे इंजिन मध्येच बंद पडते. मीटरवर सगळीकडे २४ व्होल्ट दाखवते, फ्यूज चांगले, तार कुठे तुटलेली नाही. स्कॅनरवर मात्र चार वेगवेगळ्या सेन्सरचे दोष येतात. चार सेन्सर एकदम कसे जातील?
— एक विद्यार्थिनी, जालना

उत्तर : बाळा, तुझा शेवटचा प्रश्नच उत्तराच्या सर्वांत जवळ आहे. चार सेन्सर एकदम जात नाहीत. चौघांना मिळून जे एक मिळते, ते गेलेले असते.

ईसीएम बऱ्याच सेन्सरना ५ व्होल्टचा पुरवठा करते आणि एकाच लाइनवर अनेक सेन्सर असतात : रेलच्या (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जास्त दाबाच्या नळीच्या) दाबाचा, अ‍ॅक्सिलरेटरचा, टर्बोच्या हवेच्या दाबाचा. त्यातल्या एकाच्या आत पाणी गेले किंवा एकाची तार लोखंडाला टेकली, की ती ५ व्होल्टची लाइनच बसते आणि तिच्यावरचे सगळे आंधळे होतात. रेलचा दाब कळेना की इंजिन बंद पडू शकते. चावी चालू, इंजिन बंद ठेवून एका सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट आहेत का बघ. नसतील तर मीटर तिथेच लावून ठेव आणि त्या लाइनवरचे एक-एक सेन्सर सोडवत जा. ज्याला सोडवल्यावर ५ परत आले, तो दोषी. सगळे सोडवूनही आले नाहीत तर तार तपास. सोडवताना नवे दोष नोंदले जातील, ते नंतर पुसून टाक. आधीचे दोष मात्र पुसण्यापूर्वी वहीत लिहून घे, तारीख आणि किलोमीटरसकट.

आता मीटरबद्दल. वाहत्या करंटाशिवाय घेतलेले २४ व्होल्ट फसवतात. वीस धाग्यांची तार असेल आणि एकोणीस तुटले असतील, तरी उरलेल्या एका धाग्यावर मीटर २४ दाखवेल, कारण मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही. गाडीने मागितले की तोच धागा मान टाकतो. म्हणून लाइन चालू असताना, म्हणजे बल्ब पेटलेला किंवा इंजिन फिरत असताना, तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्होल्ट मोजायचे. साध्या जोडावर ०.२ च्या वर गेले की तो जोड उघड. ओहम मोजायचे असतील तर बॅटरी सोडूनच. आणि बल्बचा टेस्टर सेन्सरच्या किंवा ईसीएमच्या सिग्नलच्या तारांना लावायचा नाही, त्या तारा एवढा करंट द्यायला बनलेल्या नसतात.

एक मोजमाप आणखी शिकून ठेव. कॅनच्या, म्हणजे गाडीतली यंत्रे ज्या लाइनवरून एकमेकांशी बोलतात तिच्या, दोन पिळलेल्या तारा असतात, एकमेकींवर गुंडाळलेल्या. बॅटरी सोडून त्या दोघींमध्ये मोजले तर ६० ओहमच्या आसपास यायला हवे, कारण लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक सुटले. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या. अशा वेळी ईसीएम, डॅशबोर्ड आणि धूर साफ करणारी युरियाची यंत्रणा एकमेकांशी बोलू शकत नाहीत आणि स्कॅनरवर दोषांचा ढीग पडतो, तुझ्याकडे आला तसाच. देशात बीएस-६ गाड्या १ एप्रिल २०२० पासून सक्तीच्या झाल्या. गॅरेजांत या तारा हाताळणारे हात अजून कमी आहेत. तू शिकते आहेस, मला फार बरे वाटले. मीटर घ्यायचा तर दोन्ही टोके चांगली असलेला डिजिटल घे, आणि मामांना सांगून वहीचा खर्च गॅरेजातून घे.

प्रश्न : कारखान्याचा हंगाम संपल्यावर गाडी दोन-तीन महिने शेतात उभी असते. दर वर्षी पहिल्या पावसात काढली की कुठे ना कुठे शॉर्ट होतो. उंदीर तारा कुरतडतात. औषध टाकले, उपयोग नाही.
— एक वाचक, माजलगाव

उत्तर : गाडी धुऊनच उभी करा. उसाचे पाचट, सांडलेले धान्य, ड्रायव्हरच्या डब्यातले सांडलेले, सगळे केबिनखालून आणि चेसिसवरून काढून टाका. उंदीर तिथे घर करतो ते पाचटासाठी, तारा त्याच्या दाताखाली नंतर येतात. हेच वाळलेले पाचट सायलेन्सरजवळ अडकले आणि शेजारी तार ठिणगी टाकत असेल, तर काय होते ते मी एकदा पाहिले आहे. सबंध केबिन गेली होती. ड्रायव्हर वेळेत उतरला म्हणून वाचला.

गाडी कडब्याच्या गंजीपासून लांब उभी करा. बॅटरीचा कटऑफ बंद करा, किंवा मायनसची केबल काढून ठेवा, म्हणजे कुरतडलेली तार उभ्या गाडीत तापणार नाही. पंधरा दिवसांनी एकदा केबिन उचलून बघा. बाहेर काढायच्या दिवशी केबल जोडण्याआधी जुडग्यावरून डोळ्यांनी आणि बोटांनी फिरा, इंजिनच्या वरच्या भागात जास्त. कुरतडलेले दिसले तर तेवढीच तार जोडून थांबू नका. उंदीर एका जागी एकच तार तोडून जात नाही, त्या जुडग्याची जाळी दोन्ही बाजूंना हातभर उघडून बघा.